दुपट्ट्याखालची व्हिस्की

नागपूरला धरमपेठेतल्या त्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घ्यायला गेलो, तेव्हा मालकांनी मला दोनच प्रश्न विचारले. "तुम्हाले पडसं नेहमी होते का?" हा पहिला. "संध्याकाळी रिकामे राहता का?" हा दुसरा. नोकरी कुठे, गाव कोणतं, मुलंबाळं किती, यातलं काहीच नाही. मी पहिल्याला नाही म्हटलं, दुसऱ्याला हो म्हटलं आणि किल्ली माझ्या हातात आली. माझी बायको मागेच उभी होती. तिला वाटलं, माणूस वैद्य असावा.

अट नंतर कळली. दिवेलागणीला मी खाली व्हरांड्यात येऊन बसायचं. मालक व्हिस्की घेतील. मी घ्यायची गरज नाही. घेतली तर उलट त्यांना वाईट वाटेल, कारण बाटल्या मोठ्या मुश्किलीनं मिळतात. पण बसायचं. मी बँकेतला माणूस, अटी बारीक अक्षरात असतात याची सवय असलेला. ही अट मात्र तोंडी होती आणि चांगल्या मोठ्या आवाजात होती. मी कारण विचारलं.

"सौदा कधी दोघांत होते का?" मालक म्हणाले. "तिसरा माणूस पाहिजे जी. एक मी, एक गिलास, अन् तिसरे तुम्ही."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. मालक तेव्हा साठीच्या आसपास होते. नरखेडकडे त्यांचे संत्र्याचे बगीचे होते आणि सारं आयुष्य स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटात दलालीत गेलं होतं. नाक हे त्यांचं भांडवल. झाडाखाली उभं राहून, डोळे मिटून, माल गोड निघेल का सांगायचे आणि सहसा चुकत नसत. पुढे धंदा पुतण्यांनी सांभाळला आणि या नाकाला काही काम राहिलं नाही. रिकाम्या नाकाला उद्योग हवा म्हणून ते व्हिस्कीकडे वळले असं त्यांचं म्हणणं. काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, म्हणणं वेगळं होतं. पण ते छापण्यासारखं नाही.

मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. जिन्याखाली उभं राहून ते "ओ भाडेकरूऽऽ" अशी आरोळी ठोकायचे. गल्लीतल्या बाकी भाडेकरूंनाही वाटायचं की आपल्यालाच बोलावताहेत. पहिल्या महिन्यात दोघे-तिघे येऊनही गेले. त्यांना पडसं आहे की नाही, ते विचारून परत पाठवण्यात आलं.

व्हरांड्यात एक तिपाई, दोन वेताच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात तिवईवर माठ. संध्याकाळी काकू तांब्या भरून आणून ठेवत. बर्फ मालकांना चालायचा नाही, कारण बाजारचा बर्फ कुठल्या पाण्याचा काय माहीत. सोडा चालायचा नाही, कारण त्यानं ढेकर येतात आणि ढेकरांत वास वाया जातो. दारू बोटभर आणि वरून माठातलं पाणी चांगलं दुप्पट. त्या माठात काकू वाळ्याची जुडी टाकत. नागपुरात उन्हाळ्यात कोण टाकत नाही? पण काकू बाराही महिने टाकत. थंडीत दात वाजत असतानासुद्धा त्या घरच्या पाण्याला वाळ्याचा वास यायचा. राहायला आलो तेव्हा पहिले आठ-दहा दिवस मला तो जाणवला, मग नाकाला सवय झाली आणि मी विसरून गेलो.

मालकांच्या ग्लासाची तऱ्हा बघण्यासारखी होती. आधी नाक. मग थांबायचं. मग पुन्हा नाक, दुसऱ्या नाकपुडीनं. मग घोट तोंडात घेऊन गल्लीकडे बघत बसायचं. "जिभेले घाई नाही पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या अवस्थेत पोस्टमन आला तर तो थांबायचा, भिकारी आला तर तोही थांबायचा. काकू मात्र आतून ओरडायच्या, "गिळा आता! भाजी फोडणीले टाकाची हाये, कांदे कापून द्या!"

घोट गिळल्यावर ते मत द्यायचे, आणि तेही तोंडानं नाही. संत्रा मार्केटात भाव असा बोलून सांगत नसत. दोघांच्या हातांवर खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबायची. जितकी बोटं तितका भाव. बघणाऱ्याला काही कळत नाही. मालकांनी व्हिस्कीलाही तोच कायदा लावला होता. माझा हात ते दुपट्ट्याखाली घ्यायचे आणि बोटं दाबायचे. मी मोजायचो. बघणारं दुसरं कोणीही नसताना हा गुप्तपणा कशासाठी, हे मी एकदा विचारलं.

"तोंडानं माणूस काहीही बोलते," ते म्हणाले. "दुपट्ट्याखाली आजपर्यंत कोणी खोटं बोलला नाही. बोलला तर मार्केटात उभा नाही राहू शकत."

हा कायदा फक्त दारूपुरता नव्हता. माझ्या बायकोच्या चकल्यांना दोन बोटं पडली होती. नव्या गव्हर्नरांच्या भाषणाला एक. पाच बोटं त्यांनी कशालाच दिली नव्हती. पाच दाबणारा व्यापारी म्हणजे डोकं फिरलेला, असं ते म्हणायचे.

चार मिळालेल्या दोनच गोष्टी. एक स्कॉच आणि दुसरी बर्बन. स्कॉच कामठीच्या छावणीतले एक कर्नल द्यायचे. त्यांच्या मेसला मालक दर मोसमात संत्र्यांच्या पेट्या पाठवायचे, आणि परदेशी नेमणुकीवरून परतलेल्या कुणाकडून तरी कर्नल एखादी बाटली काढून ठेवायचे. बर्बन अमेरिकन होती. संत्र्याच्या झाडांवरचा रोग बघायला एक अमेरिकन तज्ज्ञ आला होता. मालकांच्या बगीच्यात पंधरा दिवस राहिला. रोग काही बरा झाला नाही, पण जाताना बर्बनच्या बाटल्या ठेवून गेला. "झाडं मेली, पण माणूस चांगला होता," मालक सांगायचे.

स्कॉचचा वास म्हणजे त्यांच्या भाषेत हुरड्याच्या शेकोटीजवळ रात्रभर बसलेल्या माणसाचा सदरा. बर्बन म्हणजे काकवी, अन् ती काकवी नव्या लाकडी पलंगावर बसून खाल्लेली. काकूंनी हे वर्णन ऐकलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. "हुरड्याचा वास पाहिजे त हुरडा खा. काकवी डब्यात हाये. मंग बाटली काहून पाहिजे?" या प्रश्नावर मालक कपाटातून कागद काढून दाखवायचे. त्यांच्याकडे सरकारी परमिट होतं. त्यावर दारू तब्येतीसाठी लागते असं लिहिलं होतं, आणि काकू म्हणायच्या, तब्येतीसाठी असेल तर एरंडेलासारखी नाक दाबून घ्या.

एवढं सगळं असून मालक समाधानी नव्हते. त्यांना तिसरी प्यायची होती. आयरिश.

याला कारण होते फादर. सदर भागातल्या एका मिशनच्या शाळेत मालक शिकले, तिथे हे आयरिश फादर विज्ञान शिकवायचे. तरुणपणी नागपूरला आले ते इथलेच झाले. उन्हानं लाल झालेला उंच माणूस, पांढरा झगा, पायात कोल्हापुरी. शिपायांकडून आणि पोरांकडून शिकलेलं नागपुरी मराठी ते असं बोलायचे की पाठमोरे असले तर ऐकणारा फसावा. त्या फादरांनी कधीकाळी वर्गात ऊर्ध्वपातन शिकवताना सांगितलं होतं की व्हिस्की मुळात आमच्या देशातली. स्कॉटलंडवाल्यांनी आमची नक्कल केली आणि अमेरिकेवाल्यांनी त्यांची. बाकी विज्ञान मालक विसरले, हे लक्षात राहिलं.

"दोन्ही नकला पाहून झाल्या भाडेकरू," ते मला म्हणायचे. "असल पाहाची राहिली. अन् ते फादरसोबतच पाहाची."

फादरांवर त्यांचा फार जीव होता. आई लहानपणी गेलेली, बाप बगीच्यात. शाळेच्या बोर्डिंगात त्यांना ताप यायचा तेव्हा उशाशी फादर बसायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच विषय बदलून गवळ्यावर आणला. दर हिवाळ्यात संत्र्यांची पहिली टोपली फादरांकडे जायची. मालक विचारायचे, "आली का जी तुमच्या देशाची?" फादर म्हणायचे, "येईल बे एक दिवस." वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

गवळ्याचा विषय निघालाच आहे तर ते यंत्रही सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यानं केला. मालकांकडे दूध तपासायची काचेची नळी होती. चांगल्या दुधात ती वर तरंगते, पाणी घातलेल्या दुधात खाली जाते. रोज सकाळी गवळी दारात यायचा, मालक नळी बुडवायचे, आणि मग दोघांचं अर्धा तास भांडण व्हायचं. नळी मालकांच्या खिशातच असायची. एका लग्नात त्यांनी ती मठ्ठ्यात बुडवली आणि मुलीच्या बापानं भर पंगतीत येऊन हात जोडले. तरी ते म्हणाले, "मी काही बोललो का? यंत्र बोलून राहिलं."

एका मे महिन्यात बाटली आली. फादरांच्या बहिणीनं ती सुटीवरून परतणाऱ्या एका तरुण पाद्र्याबरोबर पाठवली होती. फादर स्वतः ती झग्याखाली लपवून, भर उन्हात सायकल रिक्षानं धरमपेठेत घेऊन आले. मालकांनी नवीन धोतर नेसलं होतं. काकूंनी भजी तळली होती आणि ताजी वाळ्याची जुडी टाकून माठ भरला होता. मी तिसरा माणूस म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. माझी बायको वरच्या गॅलरीतून वाकून बघत होती.

फादरांनी स्वतःसाठी कोरीच ओतली. पाणी घालणं हा त्यांना बाटलीचा अपमान वाटायचा. मालकांनी त्यांच्या पद्धतीनं बोटभर दारू घेतली आणि वर दुप्पट पाणी. एक नाकपुडी, दुसरी नाकपुडी, घोट. गल्लीकडे बघणं सुरू झालं. ते फार लांबलं. फादरांनी हात पुढे केला, मालकांनी दुपट्टा टाकला. फादर वाट बघत राहिले. दुपट्टा हललाच नाही.

एकही बोट न दाबणं म्हणजे काय, ते मला मालकांनी पूर्वीच सांगितलं होतं. माल परत.

"काय झालं बे?" फादर म्हणाले.

"फादर, रागावू नका," मालक खालच्या आवाजात म्हणाले. "याच्यात दारू नाही. हे पाणी हाये. आमच्या माठात जसं पाणी राहते, तसं. रस्त्यात कोणीतरी अर्धी पिऊन भरून ठेवली."

"सील मी फोडलं!"

"सील त खताच्या पोत्यालेही राहते जी. आत मातीच निघते."

फादरांचा लाल चेहरा आणखी लाल झाला. त्यांनी आपला ग्लास पुढे केला, कोरी पिऊन बघ म्हणाले. मालक म्हणाले, कोरी पिण्याची माझी पद्धत नाही, आजवर स्कॉच अन् बर्बन मी अशाच पाण्यात प्यालो आणि दोघी उभ्या राहिल्या. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांचा हात खिशात गेला. मी डोळे मिटून घेतले.

नळी आयरिश व्हिस्कीत सोडली. ती सरळ खाली गेली आणि तळाला टक् असा आवाज झाला.

"पाहा!" मालक म्हणाले. "गवळ्याच्या दुधातही इतकी जात नाही. याच्यात त पाण्यातही पाणी हाये."

"गाढवा!" फादर उभेच राहिले. "दारू पाण्याहून हलकी राहते! घनता तुले कोणी शिकवली? मीच शिकवली ना बे?"

"शिकवली असन. यंत्र खोटं बोलत नाही."

"मग स्कॉचमध्ये बुडव! बुडव स्कॉचमध्ये!"

"स्कॉचवर माहा संशयच नाही," मालक शांतपणे म्हणाले. "ज्याच्यावर संशय नाही, त्याले तपासाचं काय काम?"

फादरांनी बाटली उचलली, बूच लावलं, झग्यात घातली आणि उन्हात चालत निघाले. रिक्षासुद्धा केली नाही. काकू भज्यांचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. भजी मी खाल्ली, कारण कोणीतरी खायलाच हवी होती.

पावसाळा गेला. मालक फादरांचं नाव काढत नसत, पण स्कॉचला आता तीन बोटं पडू लागली, बर्बनलाही तीन. माणसाचं मन लागत नसलं की जीभ कामातून जाते, हे मला तेव्हा समजलं. हिवाळा आला, संत्री आली. पहिली टोपली नेहमीप्रमाणे सदरला गेली आणि दुपारी त्याच रिक्षातून जशीच्या तशी परत आली. रिक्षावाल्याला निरोप पाठ करून पाठवलं होतं. "फादर म्हणाले, दुधाचं यंत्र लावून पाहिलं. संत्र्यात पाणी निघालं."

मी हसलो. मालक हसले नाहीत. टोपलीकडे बघत बसले आणि त्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली नाही. तिसरा माणूस लागणारच नव्हता, कारण त्यांनी बाटलीच काढली नाही.

मग ती बातमी आली, आणि ती मीच आणली. आमच्या बँकेतल्या एकाचा मुलगा त्या शाळेत होता. फादर परत चालले. वय झालं म्हणून वरिष्ठांनी बोलावून घेतलं. येत्या रविवारी मुंबई, तिथून विमानानं आयर्लंड, ते कायमचेच. मी सांगितलं तेव्हा मालक कांदे कापत होते.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "ज्याचा देश त्याले."

चार दिवस ते असेच घरात फिरत राहिले. गवळ्याशी भांडले नाहीत. नळी खिशात नव्हती. शेवटी शनिवारी दुपारी काकू बाहेर आल्या, पदर खोचून.

"जाऊन या," त्या म्हणाल्या.

"मी काहून जाऊ? माफी मागाले?"

"माफी नका मागू. तुमच्यानं होणार नाही. दारू मागा. ते तुम्हाले चांगलं जमते."

मालक उठून दुपट्टा शोधू लागले. माझ्या स्कूटरवर आम्ही निघालो. मालक मागे, त्यांच्या मांडीवर संत्र्यांची टोपली. व्हरायटी चौकात गर्दीत थांबलो तेव्हा ते माझ्या कानाशी म्हणाले, "भाडेकरू, त्यांनी दारातूनच हाकललं त?" मी म्हटलं, तर परत येऊ. ते म्हणाले, "मंग हळू चालवा."

फादरांची खोली जवळजवळ रिकामी झाली होती. पत्र्याची एक ट्रंक दोरीनं बांधून ठेवलेली, खाटेवर गुंडाळलेली गादी. दारात आम्हाला बघून त्यांनी आधी मालकांच्या खिशाकडे बघितलं.

"यंत्र आणलं का?"

"नाही आणलं."

"मंग ये."

मालकांनी टोपली ट्रंकेवर ठेवली आणि उभेच राहिले. "थोडी पाजता का जी?" एवढंच म्हणाले. फादरांनी कपाटातून तीच बाटली काढली. मे महिन्यात जेवढी होती तेवढीच होती. त्यांनीही तिला हात लावला नव्हता. स्वतःला कोरी ओतली आणि मालकांच्या ग्लासात काचेच्या जगमधून दुप्पट पाणी घातलं, न सांगता. शिष्याची पद्धत त्यांच्या लक्षात होती.

एक नाकपुडी. मालक दचकले. दुसरी नाकपुडी. मग घोट, आणि खिडकीतून मैदानाकडे बघणं. पोरं हॉकी खेळत होती.

"बगीच्यात बहर येते न," ते बऱ्याच वेळानं माझ्याकडे बघून बोलले, "मंग फुलं गळून जातात. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो त फूल एक नाही, पण वास राहते थोडासा. हे ते हाये." आणि लगेच वळून, "फादर, बाटली बदलली तुम्ही!"

"तीच आहे बे! लेबलवर तुझ्या भज्यांचं तेल आहे, पाहा."

तेलाचा डाग होता. मालक डागाकडे बघत राहिले. मग त्यांनी जग उचलला, दुसऱ्या ग्लासात नुसतं पाणी घेतलं आणि तेही वास घेऊन प्यायले.

"या पाण्याले वास काहून नाही?"

"पाण्याले वास कधी राहते का?" फादर ओरडले. "रंग नाही, वास नाही, चव नाही! तेही मीच शिकवलं तुले! काय लक्षात ठेवलं तू माझं?"

"आमच्या पाण्याले हाये," मालक म्हणाले.

म्हणाले आणि ग्लास हळूच खाली ठेवला. माझ्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला. वाळा. इतकी वर्षं ते जी पाण्यात घेत होते, ती सगळी वाळ्याच्या पाण्यात. स्कॉचचा धूर दणकट, तो वाळ्याला जुमानत नव्हता. बर्बनची काकवीही तशीच. ही आयरिश बिचारी मवाळ; काकूंच्या वाळ्यापुढे तिचा टिकाव लागला नाही. मालकांना तिच्यात घरचं पाणीच लागलं, कारण ते खरंच घरचं पाणी होतं.

फादरांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की खाटेवर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "सोपं आहे. बाटली घरी घेऊन जा आणि बायकोले सांग, वाळा काढ म्हणून."

"नाही."

"काहून?"

मालकांनी दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "लग्न झालं, त्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं माठात वाळा टाकला. मी पाणी पेलो अन् म्हटलं, चांगलं लागते. म्हणून ते बारा महिने टाकते. त्याच्यानंतर मी तिच्या कोणत्याच गोष्टीले चांगलं म्हटलं नाही फादर. आपल्या स्वभावातच नाही ते. तेवढं एकच वाक्य हाये तिच्यापाशी. ते कसं परत घेऊ?"

मग फादरांनी आपला मोठा, डाग पडलेला हात पुढे केला. मालकांनी दुपट्टा टाकला. बराच वेळ हालचाल चालली होती.

"चार?" फादर म्हणाले. "स्कॉचएवढेच? नकलेएवढे?"

"दुपट्ट्याखाली खोटं नाही जी."

"अर्धं बोट वाढव."

"मार्केटात अर्धं नसते."

दुपट्टा पुन्हा हलू लागला. चाळीसएक वर्षांपूर्वीचा वर्ग आणि आजचा बाजार, दोन्हीकडचा हट्ट त्या कापडाखाली एकमेकांना भिडला होता. शेवटी चार बोटं आणि करंगळीचं एक पेर यावर सौदा पटला. तिसरा माणूस म्हणून मी मान डोलावली. सौदा झाला तरी दोघांनी हात सोडले नाहीत. दुपट्टा खाली पडला, तरी नाही. मी मैदानातली हॉकी बघायला बाहेर गेलो.

बाटली फादरांनी मालकांनाच दिली. निरोप देताना म्हणाले, "घनता विसरू नको बे." रविवारी मालक स्टेशनवर गेले नाहीत. झालं ते पुरे झालं, म्हणाले.

पण मला त्या शनिवारची संध्याकाळ सांगायची आहे. आम्ही घरी आलो, दिवे लागले, आणि ती आरोळी अनेक दिवसांनी गल्लीत घुमली. मी खाली आलो. तिपाईवर आयरिशची बाटली. काकूंनी तांब्या भरून ठेवला आणि आज नेहमीसारख्या आत न जाता दाराला टेकून उभ्या राहिल्या. दोघांचं मिटलं हे त्यांना मालकांच्या तोंडावरून कळलं होतं. मालकांनी बोटभर ओतली. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. कोरी घेणं शक्य होतं. मला वरून पाणी आणायला सांगणंही शक्य होतं. आमच्या माठात वाळा नव्हता.

त्यांनी तांब्या उचलला आणि दुप्पट पाणी घातलं. एक नाकपुडी, दुसरी नाकपुडी, घोट. त्या ग्लासात आता बहर नाही, बहराच्या दुसऱ्या दिवसाचा वास नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. तरी ते गल्लीकडे बघत फार सावकाश प्यायले. मी सवयीनं हात पुढे केला.

"तुमचा नाही," ते म्हणाले. "अवं, तू ये इकडं."

काकू आल्या. संत्रा दलालाच्या घरात आयुष्य गेलेलं, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी हळद लागलेला हात पदराला पुसून पुढे केला आणि मालकांनी त्यावर दुपट्टा टाकला. बोटं दाबली गेली. काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी पुन्हा एकदा, नीट, मोजून बघितलं.

"पाच?" त्या म्हणाल्या. "डोकं फिरलं का तुमचं? त्या दारूले पाच?"

"दारूले नाही," मालक गल्लीकडेच बघत म्हणाले. "पाण्याले."

काकूंनी हात काढून घेतला नाही. आत कढईत काहीतरी करपायला लागलं होतं, त्याचा वास येत होता, आणि त्या घरात पहिल्यांदाच त्याची कोणाला घाई नव्हती. मग त्यांनी ग्लासाकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या,

"मंग इतक्या चांगल्या पाण्यात दारू टाकून नासवता काहून?"